पांढरीची माती आणि पाहुणे हात

वऱ्हाडातील जुनी माणसे गावच्या भूमीचा उल्लेख दोन शब्दांत करतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पीक देणारी शेतजमीन आणि पांढरी म्हणजे जिच्यावर घरे उभी राहिली ती वस्तीची जागा. पैनगंगेच्या खोऱ्यातील रिसोड तालुक्यात हे शब्द अजून पुरते विस्मरणात गेलेले नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात कापूस, तूर, सोयाबीन उत्तम येते. पण तिची भिंत टिकत नाही. भिंतीसाठी पांढरी माती हवी. तिच्यात कुटार मिसळून, पाणी घालून, पायांनी तुडवून, काही दिवस मुरू देऊन भिंती घातल्या जात, आणि लाकडी वाशांवर तीच माती पसरून धाब्याचे छत केले जात असे. गावोगावच्या पडक्या गढ्यांचे मातीचे कोट या कारागिरीची साक्ष देत आजही उभे आहेत. काळीने पोसावे आणि पांढरीने वसवावे, अशी ही वाटणी होती.

आता ही वाटणी मोडत आली आहे. ज्याच्या हाती चार पैसे आले तो स्लॅबचे घर बांधतो. ज्याच्या हाती आले नाहीत तो मातीच्या भिंतींवर पत्रे टाकतो. त्याच वेळी शहरांतून एक उलटा प्रवाह सुरू झाला आहे. सुशिक्षित तरुण-तरुणी सुट्टी काढून शिबिरांना जातात, मातीच्या विटा पाडतात, चुना कालवतात, कमानी रचतात, आणि कमी इंधनात, कमी सिमेंटमध्ये घर कसे उभे राहते हे स्वतःच्या हातांनी शिकतात. आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळांनाही असे काही करावेसे वाटू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु उद्या असे एखादे पथक रिसोडच्या पांढरीवर येऊन उभे राहिले, तर तेथील शेतमजूर त्यांना एक साधा प्रश्न विचारू शकेल: “तुम्ही स्लॅबखाली राहता, मग मला मातीचे घर का सांगता? आणि तुमचे शिकणे माझ्याच भिंतीवर का?”

या प्रश्नाला नैतिक उत्तर दिल्यावाचून कोणत्याही स्वयंसेवकाने घमेल्याला हात लावू नये, असे आम्हांस वाटते. हा लेख त्या उत्तराचा शोध आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की पर्यावरणपूरक बांधकामाचा आग्रह ही केवळ शहरी हौस नव्हे. सिमेंट तयार करण्यासाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियस तापमानाला भाजावी लागते. त्या भट्टीला लागणाऱ्या इंधनाचा धूर वेगळा, आणि खुद्द चुनखडीतून सुटणारा कर्बवायू वेगळा. जगात मानवी व्यवहारांतून जो कर्बवायू वातावरणात जातो, त्याचा सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. भाजक्या विटेलाही भट्टी लागते आणि वाळूसाठी नदीचे पात्र खरवडले जाते. या सर्वांमुळे जे हवामान बिघडते त्याची झळ प्रथम कोणाला बसते, हे सांगावयास नको. ज्याची शेती पावसावर अवलंबून आहे आणि ज्याच्या घरात गारवा विकत घेण्याची सोय नाही, त्यालाच ती बसते.

दुसरा मुद्दा रात्रीच्या झोपेचा आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि अनेक दिवस तेथेच राहतो. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते; तोवर बाहेरची हवा निवलेली असते आणि झरोके उघडे असले की ती आतली धग बाहेर काढते. चार-पाच इंच जाडीचा स्लॅब मात्र दिवसभर तापून नेमका निजायच्या वेळी खोलीवर उष्णता ओततो. पत्र्याला तर एवढाही धीर नाही. दिवसभर उन्हात निंदणी-खुरपणी केलेल्या बाईला रात्री डोळा लागतो की नाही, हा भिंतीच्या जाडीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो न्यायाचाही प्रश्न आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश यांना एकमेकांपासून अलग करता येत नाही, असे जे प्रतिपादन केले, त्याचा अर्थ अशा घरात चटकन उमगतो.

इतके असूनही रिसोडच्या शेतमजुराला स्लॅबच हवा असतो. त्याला अज्ञानी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याची कारणे ऐकून घेतली पाहिजेत. मातीच्या घराला दरवर्षी डागडुजी लागते. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकावी लागते, भिंती लिंपाव्या लागतात, जमीन सारवावी लागते. आणि हे सारवणे बहुतांशी घरच्या बाईच्याच वाट्याला येते. वाळवी लागते, उंदीर बिळे करतात, पाऊस लांबला की छत गळते. शिवाय मातीचे घर ही गरिबीची खूण झाली आहे. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेला बाप आधी छत पाहतो. शासनाच्या घरकुल योजनेनेही ‘पक्के’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा दिली. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. ज्या माणसाला आयुष्यात एकदाच एवढी रक्कम घरासाठी मिळणार, तो ती प्रयोगावर का लावील?

या आक्षेपांहून गंभीर असा आणखी एक आक्षेप आहे, आणि त्याचे नाव किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे ८००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य आपल्याच घरांच्या ढिगाऱ्याखाली गेली. ती घरे दगड-मातीची होती. गोलसर दगड मातीच्या गाऱ्यात रचून केलेल्या रुंद भिंती, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे भर टाकून फूट-दीड फूट जाड झालेली माळवदे. मातीच्या घराची स्तुती करणाऱ्या प्रत्येकाने या ढिगाऱ्यासमोर क्षणभर उभे राहावे. परंपरेचे म्हणून जे काही आहे ते आपोआप सुरक्षित असते, असे त्यानंतर कोणाला म्हणता येणार नाही.

पण त्या ढिगाऱ्याने शिकविलेला धडा नीट वाचला पाहिजे. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगांना एकत्र बांधणारे लांब दगड त्या भिंतींत पुरेसे नव्हते. कोपरे एकमेकांत गुंफलेले नव्हते. छताचे ओझे दरवर्षी वाढत गेले. कारण गळती थांबविण्यासाठी जुनी माती न काढताच नवी टाकली जात होती. म्हणजे दोष केवळ मातीचा नव्हता. माती कशी वापरावी याचे ज्ञान पिढ्यांच्या प्रवासात झिजत गेले होते. आणि ज्ञान झिजले की काँक्रीटही जीव घेते. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपात अहमदाबादेत बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या, हे आपण पाहिले आहे. तेव्हा माती की सिमेंट, असा प्रश्न मांडणे अपुरे ठरते. घर कसे उभे राहते हे घरात राहणाऱ्याला ठाऊक आहे काय, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

किल्लारीनंतर जे घडले त्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि इतर शेकडो गावांत लोकांनी आपली घरे आहेत त्याच जागी दुरुस्त व मजबूत करावीत असे ठरले. त्यासाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया शासन आणि गावकरी यांच्यामधील दुवा झाल्या. ज्यांनी पूर्वी केवळ भिंती सारवल्या होत्या, त्या भिंतीच्या कोपऱ्यात सळई कोठे हवी, पट्टी कोणत्या उंचीवर हवी, गवंड्याने काम नीट केले की नाही, हे पाहू लागल्या. पुढे गुजरातेत भूकंप झाला तेव्हा याच भागातील स्त्रिया तेथे गेल्या आणि तेथील बायकांना आपला अनुभव सांगू लागल्या. त्यांच्या बोलण्याला जे वजन होते ते कोणत्याही पदवीने येणारे नव्हते. आपले घर पडलेले पाहून, ते पुन्हा उभे करायला शिकून, मग त्या दुसऱ्याच्या दारात गेल्या होत्या.

येथे आम्हांस पहिले सूत्र दिसते. दुसऱ्याला घराविषयी काही सांगण्याचा अधिकार बांधण्याच्या श्रमातून आणि त्या घरात राहण्याच्या तयारीतून येतो.

याच विदर्भातील सेवाग्राम हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला आले. त्यांच्या निवासासाठी त्यांनी अट घातली होती की खर्च ५०० रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य व मजूर जवळपासचेच असावेत. मातीच्या भिंती, बांबू, कौले आणि पुढे आलेली पडवी, एवढ्यात ते काम झाले. आज जी बापू कुटी म्हणून ओळखली जाते ती मुळात मीराबेन यांची झोपडी होती. गांधीजी नंतर तिच्यात राहू लागले. देशाचे मोठमोठे पुढारी आणि परदेशी पाहुणे तेथे येऊन जमिनीवर बसत. गांधीजींनी खेड्यातील माणसाला जे घर सांगितले त्याच घरात ते स्वतः राहिले. त्यामुळे रिसोडच्या शेतमजुराचा प्रश्न त्यांना विचारताच येत नाही.

या कुटीविषयी आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल असा एक प्रसंग आहे. कॅथलिक धर्मगुरू म्हणून अनेक वर्षे सेवा केलेले विचारवंत इव्हान इलिच १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आले होते. त्या कुटीत बसून त्यांना जे सुचले ते त्यांनी तेथील परिषदेत मांडले. सामानसुमान ठेवण्याची इमारत आणि माणसाचे घर यांत त्यांनी भेद केला. त्यांच्या मते माणूस जितका वस्तूंवर विसंबतो तितका तो आपल्या हातापायांच्या सामर्थ्याला मुकतो, आणि पुढे ते मुकणेच प्रगती म्हणून मिरवले जाते. हा विचार कठोर आहे आणि तो गरिबाला ऐकवण्यासाठी खचितच नाही. ज्यांच्या घरात सामानाने माणसांना कोपऱ्यात ढकलले आहे, त्यांच्यासाठी तो आहे.

वर्ध्यातच १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राची स्थापना केली. या केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडणारी, पेल्यासारखी निमुळती कौले छतासाठी वापरात आणली. एका कौलात दुसरे अडकवत गेले की कमान तयार होते, आणि कमानीला कमान लावत गेले की लाकूड व लोखंड यांच्यावाचून छत उभे राहते. या युक्तीचे मोल केवळ खर्चाच्या बचतीत नाही. घराचे पैसे सिमेंटच्या कारखान्याकडे जाण्याऐवजी गावातल्या कुंभाराकडे जातात. ज्या कारागिराची मडकी प्लास्टिकने बाजारातून हुसकली त्याच्या हातातले ज्ञान पुन्हा कामाला येते.

गांधीजींच्याच एका सूचनेने आणखी एका माणसाचे आयुष्य बदलले. लॉरी बेकर हे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे वास्तुशिल्पी, क्वेकर पंथाचे ख्रिस्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधील रुग्णसेवेहून परतताना ते मुंबईत अडकले आणि तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर बांधायचे साहित्य त्या जागेच्या पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, ही गांधीजींची अपेक्षा बेकर यांनी जन्मभर ध्यानात ठेवली. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी ते १९४५ साली भारतात आले, हिमालयातील पिठोरागड भागात डॉक्टर पत्नीसमवेत राहिले आणि तेथील खेडुतांची घरे पाहून, स्वतःच्या विद्यापीठीय ज्ञानाची नव्याने उजळणी करावी तसे शिकले. पुढे केरळात स्थायिक झाल्यावर, १९७० च्या सुमारास, तिरुवनंतपुरमचे सिरो-मलंकारा आर्चबिशप बेनेडिक्ट मार ग्रेगोरियोस यांनी त्यांना गरिबांसाठी स्वस्त घरे बांधण्याच्या कामात ओढले. विटा आडव्या ठेवण्याऐवजी कडेवर उभ्या करून आत पोकळी ठेवणारी त्यांची भिंत सुमारे २५ टक्के विटा वाचवते, आणि त्या पोकळीमुळे घरही निवांत राहते. २००७ साली वयाच्या ९० व्या वर्षी निधन होईपर्यंत ते स्वतः तशाच घरात राहिले. त्यांची खरी शाळा बांधकामाच्या जागीच भरे. गवंड्याबरोबर उभे राहून, हाताशी असलेल्या कागदाच्या कपट्यावर चित्र काढून ते काम समजावीत, आणि अनेक तरुण वास्तुशिल्पी त्याच जागी त्यांच्याकडून शिकले.

आता स्वयंसेवकाकडे वळू. परक्याने येऊन दुसऱ्याचे घर बांधण्याची प्रथा नवी नाही. स्विस अभियंते पिएर सेरेसोल यांनी पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दनजवळच्या एका गावात १९२० साली नाना देशांच्या लोकांचे श्रमशिबिर भरविले. काही दिवसांपूर्वी ज्यांचे देश एकमेकांशी लढले होते ते त्या शिबिरात एकत्र खपले. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेसोल मोजक्या सोबत्यांसह भारतात आले आणि तेथील खेडी पुन्हा वसविण्याच्या कामाला त्यांनी हात लावला. आपल्या महाराष्ट्रात २००६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळच्या मळवली येथे आले आणि ‘हॅबिटाट फॉर ह्युमॅनिटी’च्या सुमारे २००० स्वयंसेवकांनी आठवड्याभरात १०० घरांचे काम केले. तेव्हा ८२ वर्षांचे असलेले कार्टर स्वतः काम करीत होते.

अशा उपक्रमांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. दूरदेशाहून येणाऱ्या स्वयंसेवकाच्या विमानाच्या तिकिटात स्थानिक गवंड्याची अनेक महिन्यांची मजुरी निघाली असती. शिवाय शिकाऊ हातांनी जे काम दहा दिवसांत होते ते कसबी गवंडी दोन दिवसांत करतो. रोजगाराची वाट पाहणाऱ्या मजुराच्या गावी फुकट काम करणारे आले, तर त्याच्या भाकरीवर गदा येते. हे सर्व खरे आहे. केवळ पैशांचा आणि घरांच्या संख्येचा हिशेब मांडला तर स्वयंसेवकाने घरी बसून मनीऑर्डर धाडणे अधिक श्रेयस्कर, असेच उत्तर येईल.

म्हणून आमचे म्हणणे असे की स्वयंसेवकाने आपण घर द्यायला आलो आहोत ही समजूत प्रथम खाली ठेवावी. तो घ्यायला आलेला आहे. एकदा हे मान्य केले की त्याचे वर्तन बदलते. कारण दात्याला उपकाराची भाषा शोभते, विद्यार्थ्याला दक्षिणेची.

तो काय घेतो? एक तर हातांचे ज्ञान. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच श्रद्धेवर की शाळेने नापास ठरविलेला मुलगाही प्रत्यक्ष काम करता करता उत्तम शिकतो. तेथील मुलांनी त्रिकोणांच्या सांगाड्यावर घुमटाकार घरे उभारली. भूमितीचे जे प्रमेय फळ्यावर कळले नव्हते ते सांधा जुळविताना कळले. मातीकामातही असेच आहे. काचेच्या बाटलीत माती व पाणी घालून हलविले आणि बाटली ठेवून दिली, की वाळू क्षणात तळाशी बसते, तिच्यावर पोयटा साचतो आणि चिकणमाती सर्वांत शेवटी, कधी दुसऱ्या दिवशी, निवळते. या तीन थरांवरून ती माती भिंतीला चालेल की तिच्यात वाळू वा चुना मिसळावा लागेल हे ठरते. अनुभवी गवंडी हीच परीक्षा मुठीत गोळा वळून करतो. पुस्तक वाचलेल्या मुलाला त्या मुठीचे मोल तेथे समजते.

दुसरे असे की त्याला गुरू मिळतो, आणि तो गुरू त्याच्या अपेक्षेतला नसतो. आपल्या समाजाने शतकानुशतके डोक्याने काम करणाऱ्याला वर आणि हाताने काम करणाऱ्याला खाली बसविले. वडार, बेलदार, कुंभार यांच्या कौशल्यावर गावे उभी राहिली. पण त्या गावांच्या मानपानात त्यांना जागा नव्हती. ख्रिस्ती समाज या दोषापासून मुक्त आहे, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. नाझरेथच्या सुताराला आपण वेदीवर पूजतो आणि दारात आलेल्या सुताराला चहा वेगळ्या कपात देतो, असे अनुभव आपल्यांतही सांगितले जातात. पदवीधर मुलगी जेव्हा ओळंबा हाती धरते आणि निरक्षर गवंडी तिची भिंत तिरकी गेली म्हणून ती पाडायला सांगतो, तेव्हा ती उतरंड निदान त्या दुपारपुरती उलटी होते. श्रमात माणूस स्वतः घडतो, ही पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या विश्वपत्रात मांडलेली शिकवण प्रवचनात ऐकून जितकी कळते, त्याहून अधिक त्या पाडलेल्या भिंतीपाशी कळते.

परंतु येथेच शेतमजुराचा दुसरा प्रश्न अधिक टोकदार होतो. ती तिरकी भिंत कोणाच्या घराची? शिकणाऱ्याच्या चुका अटळ असतात, पण त्या चुकांखाली झोपण्याची पाळी शिकणाऱ्यावर येत नाही. डॉक्टर, शिक्षक, धर्मगुरू या सर्वांचे शिक्षण अखेरीस कोणा जिवंत माणसावरच होते, हे खरे. म्हणूनच त्या सर्व व्यवसायांनी जाणत्याची देखरेख आवश्यक मानली आहे. घरकुल योजनेतही नवशिक्या गवंड्यांना प्रत्यक्ष घर बांधता बांधता ४५ दिवसांचे शिक्षण देण्याची सोय आहे, आणि तेथेही शिकविणारा जाणता गवंडी उभा असतो. गरिबाचे घर ही प्रयोगशाळा समजणे आणि त्या घरातून शिकणे, या दोहोंतील अंतर अशा देखरेखीने ठरते. गरीब माणूस तक्रार करीत नाही. तो हात जोडतो. त्याच्या जोडलेल्या हातांना संमती समजणे हे मोठे पाप आहे.

यावर आम्हांस जे उत्तर दिसते ते असे. ज्या युवक मंडळाला हे शिकायचे आहे त्याने पहिली भिंत आपल्या आवारात बांधावी. धर्मग्रामाचे कुंपण, सायकली ठेवण्याची पडवी, शाळेच्या मागची भांडार-खोली, एखादा वाचनकोपरा, अशी कामे आपल्याकडे नेहमी निघतात, आणि आपण ती ठेकेदाराला देऊन सिमेंटमध्ये उरकतो. तेथे जाणत्या गवंड्याला पूर्ण मजुरी देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. जोते उंच कसे घ्यावे, वळचण भिंतीपासून किती पुढे काढावी, काळ्या मातीच्या जमिनीत पाया मुरमापर्यंत का न्यावा, विटा सावलीत किती दिवस वाळवाव्यात, हे सारे तेथे शिकावे. दोन पावसाळे त्या भिंतीवरून जाऊ द्यावेत. गळती आपल्या वह्या-पुस्तकांवर होऊ द्यावी. असिसीच्या संत फ्रान्सिसने दगड मागून आणून सान दामियानोचे पडके मंदिर स्वतःच्या हातांनी सावरले, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्यातील दगड वाहण्याचा भाग आपण बहुधा रूपक म्हणून सोडून देतो. तो शब्दशः घ्यायला हरकत नाही.

त्यानंतर रिसोडच्या पांढरीवर जावे, आणि तेही बोलावणे आल्यावर. तेथे काय बांधायचे हे घरमालकीण ठरवील. तिने दगडी जोते, मातीच्या भिंती आणि वर सिमेंटचा पातळ थर मागितला, तर तोच योग्य मेळ समजावा. तिने स्लॅबच मागितला, तर निदान त्यावर सावली कशी धरावी, चुन्याचा पांढरा हात कसा द्यावा, समोरासमोर खिडक्या कशा ठेवाव्यात, एवढे तिच्यासमोर मांडावे आणि निर्णय तिच्यावर सोपवावा. ज्या वस्तीत राहायचे तिच्याविषयीच्या निर्णयात तेथील माणसांचा सहभाग हवा, हा आग्रह ‘लाउदातो सी’नेही धरला आहे. स्थानिक मजुराचे काम आपल्या फुकट हातांनी काढून घेऊ नये. त्याच्या जोडीला एक शिकाऊ हात म्हणूनच उभे राहावे. आणि काम संपल्यावर फोटो काढून परत येण्याबरोबर नाते संपवू नये. मातीच्या घराला पहिल्या पावसानंतर पाहणारा लागतो. जो बांधायला येतो आणि डागडुजीला येत नाही, त्याने अर्धेच शिकले आहे.

मातीच्या घराला डागडुजी लागते, हा त्याचा सर्वांत मोठा दोष म्हणून सांगितला जातो, आणि तिचे सगळे ओझे एका बाईवर पडते तोवर तो खरोखरच दोष आहे. पण पूर्वी धाब्यावर माती टाकण्यासाठी भावकी जमत असे, हेही वऱ्हाडातील म्हातारी माणसे सांगतात. डागडुजीमुळे शेजारी एकमेकांच्या छतावर चढत. आपण जेव्हा डागडुजी न लागणारे घर मागतो तेव्हा नकळत शेजारी न लागणारे घरही मागत असतो काय, याचा विचार झाला पाहिजे. ऊर्जा वाचविणारे बांधकाम शिकताना स्वयंसेवकाने ही गोष्टही शिकावी: भिंत टिकवायची तर माणसे जमली पाहिजेत, आणि त्यांत पुरुषांनी सारवणाचे पोतेरे हाती घेतले पाहिजे.

तेव्हा “तुम्ही स्लॅबखाली राहता, मग मला मातीचे घर का सांगता?” या प्रश्नाला आमचे उत्तर इतकेच: आम्ही ते तुम्हांला सांगू नये. आमच्या आवारात आम्ही ते बांधू, त्यात बसू, त्याची गळती आम्ही काढू. तुम्ही आलात तर दाखवू. त्यातले जे तुम्हांला उपयोगी वाटेल ते तुम्ही घ्या आणि आमचे जे चुकले असेल ते सांगा. पांढरी मातीविषयी तुमच्या वडिलांना जे ठाऊक होते ते आम्हांला ठाऊक नाही. येत्या जूनपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एखादे छोटे काम या रीतीने हाती घेता येईल काय, हे पुढील सभेत विचारात घ्यावे, अशी वाचकांना आमची विनंती आहे. गवंड्याच्या पूर्ण मजुरीची तरतूद तेवढी आधी करावी.